नवी बॅटरी टाकली तरी गाडी सकाळी मुकीच: चार्जिंगचा घोळ शोधायचा कसा?

कांजूर_काठ
मंडळी, गाडी ३५० सीसी, एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, बीएस-६. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलत्याच भांडणात वाहून जाईल. रोजचा रस्ता कांजूरमार्ग ते अंधेरी, म्हणजे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), म्हणजे अर्धा वेळ न्यूट्रलमध्ये.

ऐन पावसात एका सकाळी बटण दाबलं तर नुसतं टक-टक-टक. किक या गाडीला नाहीच. सर्व्हिस सेंटरने बॅटरी गेली म्हणून नवी टाकली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता म्हणतात मॅग्नेट कॉइल बदला, आर-आर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट बदला, खरं तर दोन्ही एकदमच बदला. आकडा ऐकला आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून गाडी परत आणली.

एक लक्षात आलंय: रात्री सिग्नलला उभा असलो की मीटरचा उजेड मंदावतो, गाडी हलली की जरा सुधारतो. घरी मल्टिमीटर आहे, पण त्यावर आजवर फक्त रिमोटचे सेल तपासलेत. सुरुवात कुठून करू?

सहज_सुचलं
उतारावरून करा. पवईचा उतार चांगला आहे.

तारतंत्र
उतारावरून नका करू. कार्ब्युरेटरच्या गाडीला ढकललं की जमायचं. इंजेक्शनच्या गाडीत आधी पंपाने पेट्रोलचा दाब धरायला हवा आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जागा व्हायला हवा, दोघांनाही बॅटरीच लागते. बॅटरी पार झोपली असेल तर सोसायटीतली सगळी पोरं ढकलायला आली तरी गाडी सुरू होत नाही.

आता मुद्द्याचं. चार्जिंगमध्ये भाग चारच. क्रँकवर फिरणारं मॅग्नेट, त्याच्या आतली कॉइल (स्टेटर), एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारं आर-आर युनिट आणि बॅटरी. सर्व्हिस सेंटरवाले या चारांतलं काहीतरी बदलतात. या चारांना जोडणाऱ्या तारा, कपलर (तारा जोडणारे प्लग) आणि अर्थिंग मात्र कोणी बघत नाही, कारण त्याचा पार्ट नंबर नसतो आणि बिलही होत नाही. माझ्या बघण्यात निम्मी भानगड तिथेच निघते.

मोजायला असं लागा:

रात्रभर उभी असलेली गाडी, चावी बंद, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मग मीटर तसाच ठेवून बटण दाबा. स्टार्टर फिरताना आकडा ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. पण आधी ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून पुन्हा बघा. उपाशी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे, आणि नवी बॅटरीसुद्धा महिनाभर उपाशी ठेवली की खरंच मरते. तुमचं बहुधा तेच चाललंय.

मग गाडी सुरू, हेडलाइट चालू, ४,००० आरपीएम. बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसलं तर सगळं ठीक. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ ओलांडत असेल तर उलटा रोग: रेग्युलेटर आवरत नाही. बॅटरी फुगेल, बल्ब उडतील.

एवढं करा आणि आकडे इथे टाका. पुढचं नंतर.

जुनी_थंपर
आमच्या वेळच्या बुलेटला हेडलाइटच्या टोपीवर अँपिअर मीटरचा काटा असायचा. हॉर्न दाबला की काटा उणेकडे झुकायचा, गाडी पळू लागली की अधिककडे. रोग आठवडाभर आधी कळायचा. आता चार रंगांची स्क्रीन आहे, ब्लूटूथ आहे, पण बॅटरी भरतेय की उपसतेय हे सांगणारा एक काटा द्यायला यांना जड जातं.

तेलकट_हात
काकांना +१. तीनशे-चारशे रुपयांत छोटा व्होल्टमीटर मिळतो. इग्निशनच्या लाइनवर बसवा, म्हणजे चावी बंद केली की तोही बंद. मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, ऐकत कोणी नाही.

@कांजूर_काठ, एक विनंती. कोणी फिटर चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'बघा, गाडी चालू राहिली, म्हणजे चार्जिंग ओके' असं करायला लागला तर त्याचा हात धरा. जुन्या गाड्यांना ते खपून जायचं. आताच्या गाडीत बॅटरीच व्होल्टेजचे झटके झेलत असते. ती काढली की झटका थेट इसीयूला, आणि मग इसीयूचा भाव विचारायला जा.

कांजूर_काठ
मोजलं. सकाळी चावी बंद १२.२. आयडलला १२.१, म्हणजे वाढायच्या ऐवजी उतरतंय. ४,००० ला १२.९, त्यापुढे रेस दिली तरी १३ ला शिवत नाही. म्हणजे चार्जिंग नाही. मग सर्व्हिस सेंटरवाले बरोबरच म्हणाले की.

तारतंत्र
चार्जिंग कमी आहे एवढंच खरं. ते कॉइलमुळे, आर-आरमुळे की मधल्या तारांमुळे, हे अजून ठरलेलं नाही. घाई नको.

इंजिनच्या मॅग्नेट कव्हरातून तीन एकाच रंगाच्या तारा बाहेर येतात, बहुतेक गाड्यांत पिवळ्या. त्या एका कपलरमधून आर-आरला जातात. इंजिन बंद असताना तो कपलर सोडवा. त्याकडे नीट बघा, प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालंय का, पिना काळ्या पडल्यात का. फोटो काढून ठेवा.

आता इंजिनाच्या बाजूच्या तीन तारा मोजायच्या:

एक, मीटर ओहमवर. कुठलीही पिवळी तार आणि इंजिनाची बॉडी यांत काहीही संबंध दिसता कामा नये. दिसला तर कॉइल बॉडीला लागली, विषय संपला.

दोन, पिवळ्या तारांच्या तीन जोड्या. आकडा एका ओहमच्याही आत येतो. स्वस्त मीटरवर यावर फार विसंबू नका, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरीच दोन-तीन दशांश ओहम खातात. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून जो आकडा दिसेल तो वजा करा.

तीन, खरी परीक्षा. मीटर एसी व्होल्टवर, २०० ची रेंज. गाडी सुरू करा आणि तीन जोड्या पाळीपाळीने मोजा. आयडलला साधारण १५-२०, ४,००० च्या पुढे ५० किंवा त्याहून जास्त. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, पण तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. एक-दोन मेलेल्या निघाल्या आणि बाकी ठीक, तर कॉइल जळाली. तिन्ही सारख्याच पण सगळ्या कमी, तर मॅग्नेट कमजोर, तेही क्वचित. मोजताना टोकांना हात लावू नका, ५०-६० व्होल्ट एसी ओल्या हाताला चांगलाच जाणवतो.

कांजूर_काठ
शनिवारी बसलो. बॉडीला काही लागत नाही. एसी व्होल्ट ४,००० ला ५८, ५८, ५७. आणि कपलर... तीन पिनांपैकी एकीच्या भोवतीचं प्लास्टिक वितळून त्या पिनेला चिकटलंय. सोडवताना चिमटा लागला.

तेलकट_हात
सापडला चोर.

तारतंत्र
कॉइल ठणठणीत आहे, तिला हात लावू देऊ नका. तीनपैकी एक फेज आर-आरपर्यंत पोचतच नाहीये, मग १३ कुठून दिसणार?

हे का होतं ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-आर शंट पद्धतीचं. बॅटरी भरली की ते जास्तीची वीज थांबवत नाही, कॉइलच्या तारा आपापसात जोडून तिथेच जिरवतं. म्हणजे तुम्ही वीज वापरा की नका वापरू, कॉइल आणि कपलरमधून पूर्ण करंट सतत वाहतो. समजा १५ अँपिअर. पिन ओल धरून काळी पडली आणि तिथे ०.१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा तयार झाला, तर १५ × १५ × ०.१, म्हणजे साडेबावीस वॉट उष्णता. नखाएवढ्या जागेत. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॉटचं असतं! तापलं की पिन सैल होते, सैल झाली की आणखी तापते.

आता शेवटचं मोजमाप राहिलं, ते कोणीच करत नाही. तात्पुरता का होईना कपलर नीट बसवून गाडी ४,००० वर, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं आर-आरच्या प्लसच्या तारेला. ०.२ च्या आत हवं. तसंच मायनसला. जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत.

वरळीचा_वारा
मायनसकडे जास्त निघेल, लिहून ठेवा. आमच्याकडे कोळीवाड्यात गाडी उभी असते ती खाऱ्या वाऱ्यात. वरून चकचकीत दिसणारी तार सोलली की आत तांबं काळं नाहीतर हिरवं. वितभर कापत गेलं तरी काळंच. चेसिसला जिथे अर्थिंगची लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळलेली असते तिथे गंज धरतो, आणि त्यावर रंगाचा थर असेल तर बघायलाच नको. काचकागदाने उघडं चकचकीत लोखंड काढायचं, लग घासायची, आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची. आधी जेली लावून मग आवळू नये.

आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी सीट काढून सगळे कपलर उघडून वाळवा. गाडी चालू झाली म्हणून खूश होऊ नका, ते पाणी दिवाळीत बोलतं.

कांजूर_काठ
वरळीकर, नमस्कार घ्या. प्लसकडे ०.१५, मायनसकडे ०.९!

सहज_सुचलं
कुठल्या देवळात बसता वरळीकर? नंबर लावायचाय.

तेलकट_हात
आता करायचं काय: तो कपलर फेकून द्या. त्याच जागी त्याच जातीचा बाजारू कपलर टाकलात तर पुढच्या पावसाळ्यात याच धाग्यावर भेटू. तिन्ही पिवळ्या तारा चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापा, थेट जोडा, सोल्डर मारा, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). कुठली पिवळी कुठल्या पिवळीला याने काही फरक पडत नाही, एसी आहे.

तारतंत्र
सोल्डरला माझा विरोध. सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि कडक-मऊच्या सीमेवर थरथरीने तार तुटते. एका सिलिंडरच्या गाडीत तर हमखास. चांगल्या पान्याने दाबलेले क्रिम्पचे बट कनेक्टर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक.

तेलकट_हात
तुमचं बरोबर, पण पक्कडीने चेपलेला क्रिम्प हा क्रिम्प नव्हे. तो पाना किती गॅरेजात असतो? मी वर्षानुवर्षं सोल्डर मारतोय. जोडाच्या दोन्ही बाजूंना तार टाय मारून बांधली, हलू दिली नाही, की तुटत नाही. तार लोंबकळत ठेवणाऱ्यांची तुटते.

तारतंत्र
बांधली तर मान्य.

जुनी_थंपर
कपलर पूर्ण काढलात तर उद्या कॉइल मोजायची वेळ आली की तार कापावी लागेल. लॅमिंग्टन रोडला जास्त अँपिअरचे पाणीरोधक कपलर मिळतात, ते बसवा. दुकानदाराला अँपिअर सांगून मागा. 'मोटरसायकलचा द्या' म्हटलं की तो तोच पांढरा देतो.

कांजूर_काठ
झालं. काकांचं ऐकलं, पाणीरोधक कपलर आणला. आर-आरच्या मायनसला एक जाड तार वेगळी देऊन थेट बॅटरीच्या मायनसवर नेली, चेसिसची लगही घासली. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली होती. आता ४,००० ला १४.२, आयडलला १३.१. खर्च एका पिझ्झाच्या आत. वेळ मात्र अख्खा रविवार, त्यात साइड पॅनेलचा एक रबरी बुश गटारात गेला तो वेगळाच. सगळ्यांचे आभार.

ठाण्याची_सुसाट
धागा वाचून मीही मोजलं, आणि माझं नशीब तितकं चांगलं नाही. २०० सीसी, कपलर स्वच्छ, पण एसी ५२, २१, २०. कॉइल गेली ना? एक जण वागळे इस्टेटमध्ये कॉइल भरून (नवी तार गुंडाळून) देतो म्हणतो, नव्या कॉइलच्या तिसऱ्या हिश्शात. भरून घ्यावी का?

तेलकट_हात
गेली, ताई. भरलेली कॉइल मी घालत नाही. पंख्याच्या मोटारी भरणारा माणूस पंख्याचीच तार घालतो. ती गरम इंजिन ऑइलमध्ये टिकत नाही. आज काम होतं, पण एखाद्या उन्हाळ्यात मॅग्नेट कव्हर पुन्हा उघडायचं, गॅस्केट पुन्हा, ऑइल पुन्हा, मजुरी पुन्हा.

तारतंत्र
सरसकट नाही म्हणू नका. जुन्या गाड्यांना कंपनीची कॉइल मिळतच नाही, तिथे दुसरा पर्याय काय? भरणाऱ्याला चार प्रश्न विचारा. मूळ तारेचा गेज मोजून तेवढीच जाड तार घालणार का? प्रत्येक दातावर वेढे मोजून तेवढेच घालणार का? तारेचं इनॅमल १८० अंशाच्या वर्गाचं आहे का? वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजणार का? चारही उत्तरं न अडखळता आली तर द्या. 'सब हो जाएगा मॅडम' असं उत्तर आलं तर उठून या.

आणि कॉइल का जळाली ते शोधल्याशिवाय नवी बसवू नका. आर-आर शॉर्ट असेल तर तो नवीलाही जाळेल. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, आर-आर पूर्ण सोडवलेलं. लाल टोक एकेका पिवळ्या पिनेला, काळं प्लसच्या पिनेला: ०.४ ते ०.६ च्या आसपास दिसावं. टोकं उलटी केली की काहीच दिसू नये. मायनसच्या पिनेशी हाच खेळ उलट दिशेने. दोन्हीकडून आकडा आला तर डायोड फुटला, आर-आर टाकून द्या. मात्र या परीक्षेत पास झालं म्हणजे आर-आर चांगलंच, असं नाही. व्होल्टेज आवरणारा भाग यात तपासला जात नाही, तो चालू गाडीवर १४ च्या आसपास थांबतोय का यावरूनच कळतो.

ठाण्याची_सुसाट
आर-आर दोन्हीकडून आकडा दाखवतंय, एका पिवळीवर. म्हणजे दोन्ही बदलायचं. ठीक आहे, निदान मोजून बदलतेय. मध्यंतरी दोन ४० वॉटचे फॉग लाइट लावलेत, त्यामुळे झालं असेल का?

तारतंत्र
८० वॉट म्हणजे सहा अँपिअरच्या वर. गाडीचा हेडलाइट ६० वॉटचा धरला तर तो साडेचार. एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, म्हणजे तो खर्च कायमचा. घोडबंदर रोडला रांगेत उभ्या असताना फॉग चालू ठेवलेत तर आयडलला कॉइलची मिळकत त्याहून कमी पडते, बाकीचं बॅटरी भरते. बॅटरी उतरण्याला फॉग जबाबदार असू शकतात. कॉइल जळण्याला नाही. वर सांगितलं तसं, शंटमध्ये कॉइल नेहमीच पूर्ण करंट वाहते.

म्हणूनच 'एलईडी लावला, आता कॉइलला आराम' हा समज चुकीचा आहे. बॅटरीला आराम मिळतो. कॉइलला आराम हवा असेल तर सिरीज पद्धतीचा रेग्युलेटर लावतात, शिंडेनगेन कंपनीचा एसएच-७७५ त्याच जातीचा. तो जास्तीची वीज जिरवत बसत नाही, वाटच तोडतो. आकाराने मोठा आहे, जागा शोधावी लागते, आणि बाजारात त्याच्या नकला भरपूर.

वरळीचा_वारा
आर-आरला वारा लागला पाहिजे हेही सांगा. काही गाड्यांत ते साइड पॅनेलच्या आत कोंबलेलं. त्यात मुंबईत गाडी मोकळी पळणार कुठे? सी लिंकवर आपल्याला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. आपण आपले खालून धूर खात. निदान आर-आरच्या पात्यांवरचा चिखल तरी धुवा.

सहज_सुचलं
एक गंभीर प्रश्न, खरंच गंभीर. गणपतीला गाडीने गावी जातो, चिपळूणच्या पुढे. वाटेत पोलादपूर-कशेडीच्या मध्ये चार्जिंग गेलं तर काय?

तेलकट_हात
दिवस असेल तर हेडलाइटचा कपलर काढा. फॉग, मोबाइल चार्जर बंद. इंजिन बंद करू नका, चहाला थांबलात तरी नाही, कारण स्टार्टर एका दाबात जेवढं खातो तेवढ्यात गाडी बरीच पुढे गेली असती. पंप, इंजेक्टर आणि स्पार्क मिळून चार-पाच अँपिअर धरा. ८ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असेल तर पाऊण-एक तास मिळेल. पोलादपूर किंवा खेडमध्ये गॅरेज गाठायला तेवढं पुरतं. रात्र असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बसा. त्या घाटात दिव्याशिवाय चालवू नका.

पिशवीत मीटर, दोन मीटर जाड तार, फ्यूज, टेप. जागा फारशी लागत नाही.

कोपरखैरणे_कट्टा
उशिरा येतोय. माझी गाडी चालवली की १४.३ दाखवते, सगळं ठीक, पण दोन आठवडे उभी राहिली की मेलेली. बॅटरी नवीन. हा कुठला रोग?

तारतंत्र
चार्जिंग चांगलं आहे, गळती आहे. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म लावलाय का?

कोपरखैरणे_कट्टा
ट्रॅकर आहे. पण तो 'अगदी किंचित' घेतो असं लावणारा म्हणाला.

तारतंत्र
किंचित मोजा. चावी बंद, बॅटरीची मायनस तार काढा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून ती तार आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये धरा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. समजा २० मिलिअँपिअर आलं: दिवसाला अर्धा एएच. ८ एएचची बॅटरी दोन आठवड्यांत सात एएच देऊन बसली. ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा एक-दोन मिलिअँपिअरवर आला तर ट्रॅकरच. नाही आला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्याशी आकडा पडेल त्या लाइनवर शोधा.

कोपरखैरणे_कट्टा
३४ आलं. ट्रॅकरचा फ्यूज काढल्यावर १. आता ट्रॅकर इग्निशन लाइनवर घेऊ का?

तेलकट_हात
मग गाडी चोरीला जाईल तेव्हा तो झोपलेला असेल. आत स्वतःची छोटी बॅटरी असलेला ट्रॅकर घ्या, नाहीतर पार्किंगमध्ये प्लग असेल तर फ्लोट चार्जर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा) लावून ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा, विजेच्या बिलावरून आमच्याकडे एकदा जनरल बॉडी मीटिंग झाली होती.